दोन आठवड्यांचा उतारा

पोयेनीत कुणाचंही यंत्र रुसलं की लोक म्हणायचे, बादेला बोलवा. बादे म्हणजे थोरला भाऊ. तसे गावात थोरले भाऊ पायलीचे पन्नास, पण नुसतं बादे म्हटलं की तो स्पिरिदोन कोझोकारूच. वय अडुसष्ट, मिशा तंबाखूने पिवळ्या, कोटाच्या वरच्या खिशात पेचकस आणि खालच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ. तीस वर्षं त्याने शहरातल्या सरकारी दुकानात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. त्या काळी टीव्हीच्या डोक्यावर एक थाप दिली की चित्र यायचं. थाप कुणीही मारेल, पण कुठे मारायची हे कळायला अक्कल लागते, असं स्पिरिदोन सांगायचा आणि आम्ही माना डोलवायचो, कारण त्याने मारली की चित्र यायचंच.

पुढे टीव्ही पातळ झाले, थाप मारायला डोकंच उरलं नाही, आणि घराघरात कॉम्प्युटर आले. दुसरा असता तर म्हणाला असता, बाबांनो, हे काही मला येत नाही. स्पिरिदोन कसला म्हणतोय! 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलेच नव्हते. त्याची बायको आग्लाया सांगते, लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिला शहर दाखवायला निघाला आणि चुकीच्या बसमध्ये बसून तिला भलत्याच खेड्यात घेऊन गेला. तिथे उतरून त्याने चहूकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, हेच तुला दाखवायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं जन्माचं धोरण होतं.

आणखी एक खोड होती. त्याला चष्मा लागून नऊ वर्षं झाली होती, पण तो चष्मा घराबाहेर पडायचा नाही. डॉक्टरच काठी टेकत आला तर रोग्याला धीर कसा यायचा, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे कॉम्प्युटर काय सांगतोय ते तो वाचत नसे, रंगावरून आणि चित्रावरून ओळखत असे. लाल दिसलं की यंत्र चिडलंय, निळं दिसलं की मेलंय, आणि गोल गोल फिरतंय म्हणजे विचार करतंय. एवढ्या भांडवलावर त्याने सहा वर्षं निभावली. बहुतेक दुखणी बंद करून पुन्हा चालू केल्याने बरी होतात, हे गुपित त्याला लौकर कळलं होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ग्लिकेरियाताईंकडे येऊ. आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे नवं पंचांग चालतं आणि पलीकडे जुनं. दोन्हींत तेरा दिवसांचं अंतर. पलीकडच्यांचा नाताळ येतो तोवर अलीकडच्यांनी नाताळच्या डुकराचं शेवटचं हाड चोखून संपवलेलं असतं. आज यावर कुणी भांडत नाही. उलट दोन्हीकडे जेवता येतं म्हणून आम्ही मनातून खूषच असतो. पण ग्लिकेरियाताईंच्या वडिलांनी तरुणपणी, सरकारने नवं पंचांग लादलं तेव्हा, या तेरा दिवसांपायी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, आणि त्यांचे नवरे दोरोफ्ते चाळीस वर्षं पलीकडच्या चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचे. दोरोफ्ते गेल्यावर कुठल्या दिवशी कुठला संत, कुठला उपास, कुणाची पुण्यतिथी, हे सगळं सांगायचं काम ताईंकडे आलं. वय चौऱ्याहत्तर, कंबर ताठ, जीभ त्याहून ताठ.

भाचीने त्यांना कॉम्प्युटर पाठवला तेव्हा तो मांडून द्यायला साहजिकच बादे गेला. ताईंनी त्याच्याकडून सगळं आपल्या मनासारखं करून घेतलं. अक्षरं मोठी केली, मागे संत पारास्केवाचं चित्र लावलं, आणि कोपऱ्यात येणारी तारीख आपल्या पंचांगाप्रमाणे लावून घेतली. सरकारी तारीख माझ्या घरात नको, सकाळी उठून तिचं तोंड पाहावं लागतं, असं त्या म्हणाल्या. स्पिरिदोनने मोठ्या ऐटीत पाच मिनिटांत ते करून दिलं, गोड पनीर भरलेल्या चार पोळ्या खाल्ल्या, आणि घरी जाऊन सगळं विसरून गेला.

महिन्याभरात ताईंचा निरोप आला. स्तोत्रांचं पान उघडत नाही, काहीतरी भलतंच येतंय. स्पिरिदोन गेला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या आणि वर एक घड्याळाचं चित्र. ताईंच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यांना सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसायचं. स्पिरिदोनचा चष्मा घरी. त्याने यंत्र बंद केलं, चालू केलं. वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. इंटरनेटच्या डबीला भिंतीवरून उतरवून उलटी केली. घड्याळ जागच्या जागी. मग त्याने बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं आणि त्याला उमगलं. घड्याळ दाखवतंय म्हणजे थांबा म्हणतंय.

'विश्रांती हवी त्याला,' तो म्हणाला. 'दोन आठवडे त्या पानाला हात लावू नका.'

आणि काय सांगावं, दोन आठवड्यांनी पान आपोआप उघडलं! पुढे हवामानाचं पान अडलं, मग भाचीच्या फोटोंचं, मग पुन्हा स्तोत्रांचं. दर वेळी घड्याळ, दर वेळी दोन आठवड्यांचा उतारा, आणि दर वेळी गुण. ताईंनी ओढ्यापलीकडे त्याची इतकी तारीफ केली की लोक त्याला पोळ्यांचं ताट पाठवू लागले. चर्चमधल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, बादे नुसता बघतो आणि रोग ओळखतो. नुसता बघतो, हे खरंच होतं.

अशी दोन वर्षं गेली. ताईंचे डोळे पार अधू झाले. चर्चमध्ये त्या पाठ असलेलं म्हणायच्या, पण नव्या वर्षाची यादी वाचायची म्हणजे पंचाईत. शहरातल्या इस्पितळात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घालून चौदा महिने झाले होते. शेवटी ऑक्टोबरात पत्र आलं. तुमचा नंबर लागलाय, आमच्या पानावर जाऊन येणार असल्याचं कळवा. मुदतीत कळवलं नाही तर जागा पुढच्याला जाईल. पोस्टमनचं काम करणाऱ्या सावेताने पत्र दारातच घाईघाईने वाचून दाखवलं आणि ती सायकलवरून पुढे गेली. मुदत कधीची, हे काही ताईंच्या ध्यानात राहिलं नाही.

ताईंनी पान उघडलं, तर घड्याळ. स्पिरिदोन आला, त्याने पाहिलं, मान हलवली. पत्र ताईंनी त्याच्यापुढे धरलं. त्याने ते लांब धरून, जवळ धरून, वाचल्यासारखं केलं आणि परत दिलं. भरपूर वेळ आहे, दोन आठवडे थांबा, असं सांगून तो गेला. म्हणजे एकीला दिसत नव्हतं आणि दुसरा दिसत नाही हे कबूल करत नव्हता, आणि दोघांच्या मध्ये ते पत्र आठवडाभर टेबलावर पडून राहिलं.

आठव्या दिवशी सावेता पुन्हा आली तेव्हा ताईंनी तिला पत्र नीट वाचायला लावलं. मुदत त्याच दिवशी संपत होती, दुपारी चार वाजता. सावेता भली पोरगी. ती म्हणाली, आणा, माझ्या फोनवरून करून टाकू. तेवढ्यात ताईंचा निरोप मिळून स्पिरिदोन धापा टाकत दारात पोचला होता. आपला रोगी दुसऱ्याच्या हातात जातोय हे त्याला कसं खपावं? सरकारी पानं फोनवर उघडत नसतात, नाव मात्र कायमचं अडकतं, असं त्याने ठणकावून सांगितलं. बादे सांगतोय म्हटल्यावर सावेता गेली आपल्या वाटेने. पावणेतीन वाजले होते.

मग त्याने यंत्र बंद केलं, चालू केलं. वायरला फुंकर मारली. डबी उलटी केली. कुठेतरी 'तरीही पुढे जा' असं असतं असं त्याने ऐकलं होतं. त्याने पडद्यावर जिथे जिथे काही टोचता येईल तिथे टोचलं, पण इस्पितळाचं पान बधलं नाही. इस्पितळाला फोन लावला तर वाजंत्री वाजत राहिली. सव्वातीनला त्याने कुणी बघत नाही असं पाहून कॉम्प्युटरला हळूच एक थाप मारली. तेवढ्याने पारास्केवाचं चित्र हललं, बाकी काही नाही.

ताई शेजारी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चौदा महिने या बाईने वाट पाहिली, आणि आज जागा गेली तर ती आपल्या फुशारकीपायी जाणार, हे स्पिरिदोनला स्वच्छ दिसत होतं. बाकी काही दिसत नसलं तरी. सावेताला हाक मारावी म्हणून तो दारापर्यंत गेला, पण रस्ता मोकळा होता.

तेवढ्यात पलीकडच्या चर्चची घंटा झाली. ताई उठल्या, क्रूस केला आणि स्वयंपाकघरातून सारमालेचं पातेलं घेऊन आल्या. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या वासाने खोली भरली.

'खा दोन घास,' त्या म्हणाल्या. 'आज पारास्केवाचा सण आहे. ती डोळ्यांची राखण करणारी, आणि माझे डोळे तिच्याच दिवशी जायचे असले तर जाऊ देत. पण माझ्या घरातून सणाच्या दिवशी कुणी उपाशी गेला नाही.'

स्पिरिदोनने यांत्रिकपणे काटा उचलला आणि त्याचा हात तोंडाशी थांबला. पारास्केवाचं जेवण तर तो चौदा तारखेलाच, ओढ्याअलीकडे, आपल्या बहिणीकडे जेवला होता. चांगलं आठवत होतं, कारण तिथली सारमाले खारट झाली होती. त्याला तेरा दिवस झाले. म्हणजे आज सत्तावीस. आणि समोर कोपऱ्यात, धूसर का होईना, आकडा दिसत होता तो चौदा.

'ताई,' तो म्हणाला. 'दोरोफ्तेदादांचा चष्मा आहे का हो घरात?'

ताईंनी देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि शिंगाच्या काड्यांचा जाडजूड चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला. दोरोफ्ते त्याच चष्म्याने चाळीस वर्षं स्तोत्रं वाचत होते. स्पिरिदोनने पडद्याकडे पाहिलं. घड्याळाखाली ठळक अक्षरांत, अगदी शाळेतल्या पोरालाही कळेल असं, लिहिलं होतं: तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. त्याखाली लिहिलं होतं की तारीख चुकीची असल्यामुळे हे पान सुरक्षितपणे उघडता येत नाही. आणि त्याखाली चक्क एक बटण होतं, तारीख दुरुस्त करा म्हणून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. प्रत्येक पानाकडे आपल्या ओळखीचा एक दाखला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारा. पानवाले मधूनमधून तो नवा करून घेतात. ताईंचं यंत्र तेरा दिवस मागे जगत होतं; त्याच्या लेखी नुकताच काढलेला दाखला अजून जन्मालाच आलेला नव्हता. तेरा दिवस उलटले की यंत्राचा दिवस दाखल्यापर्यंत पोचायचा आणि पान गुपचूप उघडायचं. हाच तो दोन आठवड्यांचा उतारा! आणि तारीख मागे नेली कोणी? चार पोळ्या खाऊन, मोठ्या ऐटीत, स्वतः स्पिरिदोनने.

खरं सांगायची ही वेळ होती. पण साडेतीन वाजले होते, आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

'आतून जरा पाणी आणता का?' तो म्हणाला. 'यंत्र तापलंय.'

ताई आत गेल्या तशी त्याने तारीख तेरा दिवस पुढे ढकलली आणि इस्पितळाचं पान उघडलं. निळं, शांत, सभ्य पान. ताईंचं नाव, पत्रावरचा नंबर, सगळं त्याने चष्म्यातून एकेक अक्षर टिपून भरलं. ताईंच्या बटणांच्या फोनवर पडताळणीचे आकडे आले, तेही त्यानेच वाचले. चारला अकरा मिनिटं असताना उत्तर आलं, तुमची जागा पक्की झाली आहे. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि कसं केलंस रे, असं विचारलं. स्पिरिदोन म्हणाला, अनुभव.

निघण्याआधी त्याने तारीख पुन्हा चौदावर आणून ठेवली. सणाच्या दिवशी, त्या घरात, त्याला दुसरं काही करवेना. ओढ्यावरच्या फळीवरून घरी जाताना त्याला पहिल्यांदाच लाज वाटली, आणि रात्रीच्या जेवणाला आग्लायाने दोनदा विचारलं तरी त्याने काय झालं ते सांगितलं नाही.

नोव्हेंबरात ताईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आठवड्याने पट्टी निघाली आणि त्याच दुपारी बादेला बोलावणं आलं. स्पिरिदोन गेला, तर ताई कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेल्या. स्तोत्रांच्या पानावर घड्याळ आलं होतं.

'बस,' ताई म्हणाल्या. 'मला आता दिसतं. तुला वाचून दाखवू का इथे काय लिहिलंय ते?'

स्पिरिदोन म्हणाला की यंत्र काहीबाही लिहीतच असतं, त्याचं मनावर घ्यायचं नसतं. ताईंनी तरी वाचलं, चर्चमध्ये वाचतात तशा खणखणीत आवाजात, शेवटच्या बटणापर्यंत. एका नव्या डोळ्याने त्यांनी त्याची मिशी पाहिली, पेचकस पाहिला, खाली गेलेली मान पाहिली. यंत्रं जुनी झाली की असं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. नाहीतर थंडीने होत असेल. मग तेही संपलं.

'तारीख मीच मागे नेली होती, ताई,' तो म्हणाला. 'तुम्ही सांगितलंत, मी केली, आणि विसरलो. पुढे दोन वर्षं काय बिघडलंय ते मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशीसुद्धा साडेतीनपर्यंत ठाऊक नव्हतं. तुमची जागा माझ्यामुळे जात होती.'

ताईंचा चेहरा आधी कडक झाला, खरोखर झाला. मग ओठाचा एक कोपरा हलला, आणि त्या हसायला लागल्या. डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि इकडे डोळे तर वाहताहेत. त्या एका हाताने रुमाल धरून, दुसऱ्या हाताने स्पिरिदोनच्या पाठीत धपाटे घालत हसत होत्या.

'दोन वर्षं!' त्या म्हणाल्या. 'अरे, तुझ्या उताऱ्यासाठी मी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या!'

पुढचा प्रश्न तारखेचा होता. सरकारी तारीख लावायची म्हटल्यावर ताईंनी नकारार्थी मान हलवली. वडिलांच्या पाठीवरचे वळ त्यांनी लहानपणी पाहिले होते. शेवटी त्या उठल्या, पोथीतून पारास्केवाचं अंगठ्याएवढं चित्र काढलं आणि स्पिरिदोनकडून चिकटपट्टीचा तुकडा मागून घेतला. तारीख पुढे कर म्हणाल्या. त्याने केली. मग त्यांनी ते चित्र पडद्याच्या कोपऱ्यात, बरोबर तारखेवर, चिकटवलं. यंत्राला त्याचा दिवस लखलाभ, आज कुठला दिवस ते पारास्केवाला ठाऊक आहे, असं म्हणून त्यांनी स्तोत्रांचं पान उघडलं, आणि ते पहिल्या टिचकीत उघडलं.

तो निघाला तेव्हा त्यांनी दोरोफ्तेंचा चष्मा त्याच्या वरच्या खिशात, पेचकसाशेजारी खोचला. तो नको नको म्हणत राहिला.

'मला दिसतं आता,' ताई म्हणाल्या. 'आणि त्यांना लागायचा नाही. तुला लागेल.'

ओढ्याच्या फळीवर सावेता भेटली. सायकल आडवी टाकून ती फोनशी झटत होती. पडद्यावर काहीतरी लाल आलं होतं. बादे दिसताच तिने फोन पुढे केला आणि विचारलं, बंद करून चालू करू का? स्पिरिदोनने सवयीने घसा खाकरला. मग खिशातून तो शिंगाच्या काड्यांचा चष्मा काढला, भर रस्त्यात, गावादेखत नाकावर चढवला, आणि फोन हातात घेतला.

'ठाऊक नाही बाई,' तो म्हणाला. 'थांब, आधी वाचू दे.'